मराठा फौज टेबलावर उतरवताना : असई, १८०३

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे आतापर्यंत मित्रांच्या उसन्या मॉडेल्सवर वॉरहॅमर, म्हणजे छोट्या सैनिकांच्या मॉडेल्सनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ, खेळत आले. आता त्यांना स्वतःची फौज हवी आहे आणि ती मराठ्यांची हवी आहे. तशी फौज एका डब्यात तयार मिळत नाही. खेळायला घरातलं चार बाय अडीच फुटांचं जेवणाचं टेबल आहे. मग काळ कोणता घ्यावा, मॉडेल किती उंचीची घ्यावीत, आणि परदेशी मॉडेलला मराठा रूप कसं द्यावं?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. १८०३ सालची शिंद्यांची फौज घ्या. मॉडेल २८ मिलिमीटरची घ्या. त्या फौजेची इंग्रजांशी असईला झालेली अख्खी लढाई मांडायच्या मागे न लागता तिच्यातला तोफखान्याचा तुकडा मांडा. आणि सुरुवात घोडेस्वाराऐवजी तोफेपासून करा.

फौज निवडताना डोळा आपोआप सरदारावर जातो. अंबारीतला सेनापती, ध्वज, उधळलेला घोडा. पण शंभर मॉडेल्समध्ये सेनापती एकच असतो, आणि तो तुम्ही मन लावून रंगवणारच. बाकी सगळे साधे शिपाई. म्हणून मी सल्ला मागणाऱ्या प्रत्येकाला एवढंच विचारतो : या फौजेतला सगळ्यात सामान्य शिपाई तुम्हाला चाळीस वेळा रंगवावासा वाटेल का? त्याचं पागोटं, त्याचा कोट, त्याचे हात बघून कंटाळा येणार नसेल तर ती फौज तुमची. ज्यांनी या प्रश्नाचं उत्तर न देता फौज घेतली, त्यांच्या कपाटात अर्धवट रंगवलेले डबे पडून असतात.

खेळातल्या ताकदीवरून फौज निवडू नये असं माझं ठाम मत आहे. वॉरहॅमर ४०,००० हा खेळ १९८७ साली आला. त्याची आठवी आवृत्ती २०१७ मध्ये, नववी २०२० मध्ये आणि दहावी २०२३ मध्ये निघाली. दर तीन वर्षांनी नियम नवे, गुणांचे हिशेब नवे. ज्या तुकडीच्या जोरावर फौज विकत घेतली तीच पुढच्या आवृत्तीत दुबळी ठरते. ऐतिहासिक फौजेच्या बाबतीत नियमांचं पुस्तक बदललं तरी शिपाई तेच राहतात. आज एका नियमावलीसाठी रंगवलेली पलटण दहा वर्षांनी दुसऱ्या नियमावलीत तशीच उभी राहते.

आता काळ. शिवकाळाचा मोह मोठा आहे आणि तो मला पूर्ण कळतो. फेब्रुवारी १६६१ची उंबरखिंड किंवा त्याआधीच्या जुलैतली पावनखिंड पंधरा-वीस मावळ्यांत सुरेख मांडता येते. पण तिथे खरी मेहनत मॉडेल्सपेक्षा खिंड, कडे आणि झाडी बनवण्यात जाते, आणि रांगेत उभी असलेली फौज बघण्याचं सुख मिळत नाही. ते दुसऱ्या खेपेला करा. १४ जानेवारी १७६१चं पानिपत म्हटलं की इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ आणि तोफा आहेतच, पण समोर दुराणी घोडदळ, रोहिले आणि जंबुरकं, म्हणजे उंटांवरच्या छोट्या तोफा. दोन्ही बाजूंचा जवळजवळ प्रत्येक माणूस वेगळ्या कपड्यांत. पहिली फौज उभारणाऱ्याला तो पसारा झेपत नाही.

असईत मात्र दोन्ही गोष्टी मिळतात : एका रंगाची शिस्तीची रांग आणि तिच्या कडेला मोकळे, रंगीबेरंगी स्वार. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ही लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मराठा फौज म्हटली की आपल्याला घोडदळ आठवतं. या फौजेचा कणा मात्र कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीनं शिकवलेल्या पलटणींचे गट, आणि तोफा हा होता. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून सव्हॉयच्या बेन्वा द ब्वान्यकडून हे कंपू उभारून घेतले होते. असईला त्यांचं नेतृत्व हॅनोव्हरच्या अँटनी पोलमनकडे होतं. सुमारे दहा हजार कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा, शिवाय सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी. इंग्रजांनी शेवटी ९८ तोफा हस्तगत केल्या, पण त्यांचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले.

या लढाईतल्या एका प्रसंगासाठी मी ती निवडतो. इंग्रजांची रांग तोफा जिंकून, त्या तिथेच सोडून पुढे निघून गेली. तोफांभोवती पडलेले गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे शिपाई, मेले असं त्यांनी धरलं. त्यातले कित्येक जण उठले, तोफा फिरवल्या आणि पाठमोऱ्या रांगेवर मारा सुरू केला. वेलस्लीला माणसं घेऊन मागे वळावं लागलं आणि त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. आपल्या शाळेच्या पुस्तकांत तहांच्या तारखा येतात, हे गोलंदाज येत नाहीत. टेबलावर त्यांना जागा देता येते, आणि ती कशी द्यायची ते पुढे सांगतो.

आकाराबद्दल फार घोळ घालायचं कारण नाही. २८ मिलिमीटरचं मॉडेल साधारण १:५६ प्रमाणाचं असतं, १५ मिलिमीटरचं १:१००च्या आसपास. छोट्या टेबलावर मोठी लढाई हवी असेल तर १५ मिलिमीटर योग्य. पण तुम्हाला मॉडेल बदलायची आहेत, डोकी कापायची आहेत, पागोटी घडवायची आहेत. ते काम १५ मिलिमीटरमध्ये करताना डोळे आणि संयम दोन्ही संपतात. म्हणून २८.

टेबलाची अडचण अशी सोडवा. सहा बाय चार फुटांचा पातळ प्लाय आणून सुताराकडून मधोमध कापून घ्या. तीन बाय चारचे दोन तुकडे पलंगाखाली राहतात आणि खेळायच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर चढतात. कडा टेबलाबाहेर जातात, त्यामुळे प्लायखाली रबरी मॅटचे तुकडे घाला, नाहीतर कुणी कोपर टेकलं की अख्खी फौज घसरते. नियमांसाठी टूफॅटलार्डीजचं शार्प प्रॅक्टिस बघा. त्यात एकेक अधिकारी आणि त्याच्या हाताखालचे आठ-आठ शिपायांचे गट असतात, एका बाजूला चाळीस-पन्नास मॉडेल पुरतात. फौज वाढली की वॉरलॉर्ड गेम्सचं ब्लॅक पावडर घ्या. ते पलटणी-पलटणींचं आहे आणि त्याला तळाच्या, म्हणजे मॉडेल ज्यावर चिकटवतात त्या चकतीच्या, मापांचा आग्रह नाही. दोन्हींसाठी चालेल अशी सोय म्हणजे मॉडेल सुटी, गोल तळावर लावायची आणि पातळ पत्रा लावलेल्या ट्रेमध्ये चुंबकावर बसवायची. सुटी हवीत तेव्हा सुटी, रांग हवी तेव्हा रांग.

मॉडेल आणायची कुठून? १८०३ची हिंदुस्थानी मॉडेल धातूमध्ये करणारे छोटे कारागीर इंग्लंडमध्ये आहेत. त्यांच्याकडून तेलंगे, म्हणजे कंपूचे कवायती शिपाई, घ्यावेत. मागवण्याआधी उंची विचारून घ्या, कारण जुने साचे २५ मिलिमीटरचे असतात आणि नव्या प्लॅस्टिकशेजारी पोरसवदा दिसतात. बाकीची फौज प्लॅस्टिकमधून काढा. धातूच्या एका शिपायाच्या पैशात प्लॅस्टिकचे दोन-तीन येतात, वजन कमी म्हणून टपालखर्चही कमी, आणि प्लॅस्टिक कापायला सोपं. नॉटिंगहॅमच्या पेरी मिनिएचर्सचा एकोणिसाव्या शतकातल्या अफगाण टोळीवाल्यांचा संच आपल्या कामाला सोन्यासारखा आहे. सैलसर विजारी, लांब अंगरखे, पागोटी, तलवारी, ढाली, सगळं त्यात आहे. शिंदे-भोसल्यांच्या पदरी रोहिले आणि अरब होतेच, त्यामुळे काही मॉडेल तर जशीच्या तशी चालतात. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि कुरियरचा हाताळणी आकार धरून हिशेब करा. दोन-तीन मित्रांनी मिळून एकदाच मोठी मागणी नोंदवलेली परवडते.

थ्रीडी प्रिंटर असलेला मित्र असेल तर डोकी आणि ढाली रेझिनमध्ये छापून घ्या, पूर्ण फौज छापू नका. छापलेली तलवार आणि भाला हमखास मोडतात. फाइल विकत घेतली असेल तर तिची परवानगी बहुधा स्वतःच्या वापरापुरती असते, ती पाळा. न वाळलेलं रेझिन त्वचेला वाईट. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि छापलेले भाग ज्यात धुतले ते अल्कोहोल मोरीत ओतू नका.

आता बदल करण्याचं काम, ज्यासाठी प्रश्न विचारला आहे. टेबलावरचं मॉडेल माणूस दोन-तीन फुटांवरून बघतो. तिथून चेहरा दिसत नाही, बाह्याकृती दिसते. मराठा स्वाराची आकृती तीन ठिकाणी ठरते : पागोटं, कमरेचा शेला आणि हातातलं शस्त्र. या तिन्हींवर वेळ घाला, बटणं आणि शिवणींवर नको.

पागोट्यासाठी ग्रीन स्टफ, म्हणजे दोन भाग मिसळून मळायची पुट्टी, वापरा. निळा आणि पिवळा भाग सारखा घेऊन एकजीव हिरवा होईपर्यंत मळा. दोन पट्ट्या जिथे एकमेकींना चिकटलेल्या असतात तो भाग आधीच कडक झालेला असतो, तो कापून टाका, नाहीतर गुठळ्या राहतात. मळल्यावर वीसेक मिनिटं तसंच ठेवा. ताजं असताना ते बोटांना चिकटतं, थोडं थांबल्यावर घडी धरतं. बारीक शेवया वळा, दोन-दोन शेवयांना पीळ द्या आणि डोक्याभोवती तिरकी गुंडाळत न्या. एका बाजूला उंच, एका बाजूला उतरती. हत्यार पाण्यात बुडवत राहा. सगळी पागोटी अगदी सारखी करू नका, पण एका पलटणीची एकाच दिशेला झुकलेली ठेवा. रांग उभी राहिली की तो झोक दिसतो. उन्हाळ्यात ग्रीन स्टफ भराभर घट्ट होतं. मळलेला गोळा फ्रीजरमध्ये ठेवला तर थोडा जास्त वेळ मिळतो. एम-सील बारीक कामाला भरड पडतं. तळाचे खड्डे, घोड्याच्या पोटातली फट, तटबंदीचे दगड यांना ते उत्तम.

शेल्यासाठी ग्रीन स्टफची पातळ पट्टी कमरेला दोन वेढे द्या आणि टोक डाव्या मांडीवर सोडा. अंगरख्याचा तिरका पदर आणि बंद दाखवायचे असतील तर छातीवर कागदासारखी पातळ पात लावून कडेला छोटी गाठ ठेवा. ती फक्त अधिकाऱ्यांना आणि पुढच्या रांगेतल्या स्वारांना करा.

शस्त्रांत एक गंमत आहे. नेपोलियनच्या काळातल्या युरोपीय घोडदळाच्या संचांत सरळ पात्याच्या तलवारी उरतात. त्या टाकू नका. आपल्या फिरंग तलवारीचं पातं युरोपातूनच येत असे. मूठ कापून तिथे चकतीसारखा बोंड असलेली मूठ बनवली की झाली फिरंग. तोड्याच्या बंदुकीचं मात्र सांभाळा. जेझाइल या लांब अफगाण बंदुकीचा दस्ता खाली वळलेला असतो, हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीचा सडपातळ आणि सरळ. चाकूनं वळण छाटा, कानशीनं सरळ करा, लांबी तशीच राहू द्या. ढालीसाठी ऑफिसच्या पंचनं पातळ प्लॅस्टिकच्या सहा मिलिमीटरच्या चकत्या पाडा. खऱ्या मापात ती ३४ सेंटिमीटरची लहान ढाल होते. किंचित कोमट करून गोल टोकाच्या दांडीनं दाबली की फुगवटा येतो. वर फेव्हिकॉलचे चार ठिपके म्हणजे ढालीची चार फुलं. भाल्यासाठी प्लॅस्टिक किंवा रेझिन नकोच. साडेतीन मीटरचा भाला या प्रमाणात सुमारे ६२ मिलिमीटर भरतो. पितळी किंवा पोलादी तार घ्या, टोक हातोडीनं चपटं करा, कानशीनं पान काढा. मॉडेलच्या मुठीला पिन व्हाइसनं, म्हणजे हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं, भोक पाडून भाला आरपार ओवा. हे डिंकावर सोडलं तर पहिल्याच खेळात भाला हातात येतो.

घोड्यांकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच फौज परकी दिसते. युरोपीय भारी घोडदळाचे धिप्पाड घोडे मराठा स्वाराखाली शोभत नाहीत. भीमथडीचं तट्टू लहान, काटक, भरल्या पायाचं. त्यामुळे हलक्या घोडदळाचे किंवा अरब स्वारांचे घोडे घ्या आणि शेपटीची छाटलेली टोकं लांब करा. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. हा फरक रंगांत दाखवता येतो. बारगिरांच्या पथकात खोगीर आणि लगाम एकाच रंगात ठेवा, शिलेदारांना प्रत्येकी वेगळे.

तोफा ओढायला घोडे लावू नका. तोफखाना बैलांवर चालत असे, आणि तोफेमागे बैलजोड्या दिसल्या की बघणाऱ्याला ही दख्खनची फौज आहे हे सांगावं लागत नाही. खेळण्यांच्या दुकानातली जनावरं धुंडाळा. बैल खांद्यापाशी २५ मिलिमीटरच्या आसपास हवा. शिंगं कापून तारेची लांब, मागे जाणारी शिंगं लावा, वर ग्रीन स्टफचा हात फिरवा, की खिल्लार तयार. हत्तीही खेळण्यातलाच चालतो. खांद्यापाशी साधारण ४८ मिलिमीटर आणि कान लहान असलेला निवडा. मोठ्या कानांचा आफ्रिकी हत्ती अंबारीखाली बघवत नाही. तोफा मात्र युरोपीय घडणीच्या घ्या. द ब्वान्यच्या तोफखान्यासाठी आग्र्यासारख्या ठिकाणी युरोपीय धर्तीवरच तोफा ओतल्या जात, त्यामुळे नेपोलियनच्या काळातल्या सहा पौंडी तोफांचे संच इथे शोभतात.

रंगकामात पहिला निर्णय पांढऱ्याचा. मराठा स्वार म्हटलं की आपला हात भगव्याकडे जातो आणि फौज मिरवणुकीसारखी होते. मोकळ्या फौजेतले बहुतांश लोक पांढऱ्या किंवा न रंगवलेल्या सुताच्या कपड्यांत असत. माझा नियम असा : अंगावरचं दोन तृतीयांश कापड पांढरट, उरलेल्यात मोजके रंग, आणि ते त्या काळच्या रंगाऱ्याकडे असतील असेच. निळीचा निळा, मंजिष्ठाचा विटकरी तांबडा, कुसुंब्याचा गुलाबीसर, हळदीचा पिवळा. डबीतून काढलेला भडक हिरवा किंवा जांभळा सबंध फौज मोडतो. भगवा ध्वजाला आणि क्वचित एखाद्या शेल्याला राखून ठेवलात तर तो उठून दिसतो.

पांढरा रंग पांढऱ्यापासून सुरू करू नका. आधी करडा-तपकिरी फिका हात द्या, त्यावर मळकट पांढरा असा की घड्यांच्या खाचा तशाच राहतील, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर आणि पागोट्याच्या वरच्या पेडावर. रंग पाण्यानं पातळ करून दोन-तीन हात. एका हातात झाकायला गेलात की खडूसारखा पोत येतो.

त्वचेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. परदेशी रंगमार्गदर्शिकांत हिंदुस्थानी माणसाला एकच तपकिरी नेमून दिलेला असतो. या फौजेत अवध-दुआबाकडचे पुरबिये होते, मराठे होते, रोहिले, अरब, काही गोरे अधिकारीही. एकाच रांगेत चार-पाच छटा असायला हव्यात. गडद, तांबूस तपकिरीवर सुरुवात करा आणि उजळ करताना पांढरा मिसळू नका. पांढऱ्यानं त्वचा राखेसारखी दिसते. पिवळसर बदामी मिसळा. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, मुठीच्या पेरांवर टेकवा, बस्स. ही माणसं आपली आहेत. त्यांना एका डबीतून रंगवणं मला मान्य नाही.

तेलंग्यांचे लाल कोट गडद मरून रंगावर लाल चढवून करा आणि कडा उजळायला नारिंगी घ्या, कारण पांढऱ्यानं लाल गुलाबी होतो. पलटणींची ओळख पागोट्याच्या रंगानं ठेवा, एका पलटणीला एकच. मॉडेलच्या पायात युरोपीय बूट असतील तर टाच कापून पाऊल गोल करा आणि त्वचेचा रंग द्या. एवढ्यानं शिपाई कुठला आहे ते कळतं. पितळी तोफेला आधी काळपट तपकिरी, मग पितळ, मग तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), आणि तोंडापाशी धुराचा काळा.

ध्वजांबद्दल थोडं. शिंद्यांच्या फौजेला भगवा द्यावाच, पण द ब्वान्यच्या कंपूंवर सव्हॉयचा पांढरा क्रूसही फडकत असे. एखाद्या पलटणीला तो द्या, बघणारा थांबून विचारतो. जरीपटका मी या फौजेला देत नाही. तो पेशव्यांचा, आणि ३१ डिसेंबर १८०२च्या वसईच्या तहानं दुसरा बाजीराव इंग्रजांच्या गोटात गेला होता. ध्वज कागदावर छापून दोन्ही बाजू फेव्हिकॉलनं चिकटवा, ओला असतानाच लाटा द्या आणि कडांवरून ब्रशनं त्याच रंगाचा हात फिरवा, म्हणजे कागदाची पांढरी कड दिसत नाही.

तळ हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. परदेशातल्या सुरेख रंगवलेल्या हिंदुस्थानी फौजा मी बघतो आणि त्या पिवळ्या वाळूवर उभ्या असतात. असई मराठवाड्यात आहे. जमीन काळी, आणि लढाई सप्टेंबरअखेरची. पाऊस होऊन गेलेला, ज्वारी-बाजरी उभी, नद्यांना पाणी. तळाला काळपट तपकिरी रंग द्या, वर किंचित करडा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर घासलेला रंग), आणि मग हिरवं गवत भरपूर. पोतासाठी चाळलेली बारीक वाळू आणि वापरून वाळवलेली चहापत्ती फेव्हिकॉलवर टाका. चहापत्ती पूर्ण खडखडीत वाळलेली हवी, नाहीतर पावसाळ्यात तळांवर बुरशी चढते. शेताच्या कडेसाठी नारळाच्या काथ्याचे तुकडे ज्वारीच्या ताटांसारखे उभे करा. टेबलावर दोन नद्या आणि दोन्ही काठांवर समोरासमोर एकेक गाव ठेवा, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर गावं आहेत म्हणजे मधे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, असणारच, एवढ्या तर्कावर वेलस्लीनं केळणा ओलांडली होती. खेळात तो उतार कुठे आहे हे इंग्रज खेळाडूला शोधायला लावा.

आता गोलंदाज. प्रत्येक तोफेला चौघांचे दोन संच करा, एक उभा आणि एक पडलेला. पडलेल्यांसाठी वेगळी मॉडेल लागत नाहीत. उरलेली शरीरं गुडघ्यात आणि कमरेत कापून आडवी करता येतात. तोफ इंग्रजांनी घेतली की उभा संच काढून पडलेला ठेवायचा. इंग्रज पलटण त्या तोफेपासून बारा इंचांपलीकडे गेली आणि तोफेजवळ पहारा ठेवला नसेल, तर मराठा खेळाडूनं दर फेरीला फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले की उभा संच परत, आणि तोफ मागच्या बाजूला तोंड करून सज्ज. हा घरचा नियम आहे, कुठल्याही नियमावलीला जोडता येतो. इंग्रज खेळाडूला पहारा ठेवावा की रांग मजबूत ठेवावी, हा खरा पेच त्यातून मिळतो.

शत्रूची फौजही बहुधा तुम्हालाच उभारावी लागेल, कारण १८०३ची मद्रास पलटण घरात असलेला मित्र सहज भेटत नाही. इथे एक सोय आहे. कंपूचे तेलंगे आणि कंपनीचे शिपाई दोघंही लाल कोटातले, टेबलावरच्या अंतरावरून सारखेच. ट्रेवरचा ध्वज आणि गोरा अधिकारी बदलला की तीच पलटण पहिल्या काही खेळांत दोन्ही बाजूंना उभी राहते. वेगळं घ्यायचंच झालं तर हायलँडरांची, म्हणजे स्कॉटिश शिपायांची, एक पलटण घ्या. असईला ७४वी आणि ७८वी होत्या, आणि गावाच्या रोखानं भरकटलेल्या ७४वीची झालेली दैना हा स्वतंत्र खेळ होतो. तोफांनी विस्कटलेल्या त्या पलटणीवर मराठा घोडदळ तुटून पडलं होतं, तुमच्या स्वारांना तिथे काम आहे.

हवेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारू नका. दमट हवेत त्याची भुकटी बसते किंवा पांढरी साय धरते, आणि मॅट वार्निशचंही तेच. पावसाळ्यात ब्रशनं लावायचा ॲक्रिलिक प्रायमर घ्या. धातूची मॉडेल आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन घ्या. रंग व्हालेहोचे किंवा आर्मी पेंटरचे घ्या. हस्तकलेचे स्थानिक ॲक्रिलिक तळाला, भिंतींना आणि नदीला उत्तम, पण त्यांचा कण भरड असतो आणि चेहऱ्यावर ते जाड बसतात.

पहिल्या खेपेला एक तोफ, तिचे दोन्ही संच आणि आठ तेलंगे एवढंच मागवा. त्यात पितळ, लाल, पांढरा, त्वचा, पागोटी आणि काळी माती हे सगळं एकदा हाताखालून जातं. ते वार्निश होऊन ट्रेमध्ये बसलं की दुसऱ्या खेपेला आणखी सोळा तेलंगे आणि सहा स्वार. तिसऱ्या खेपेला रोहिले. बैल त्यानंतर, आणि हत्ती सगळ्यात शेवटी.